धुराड्याची टोपी

"तिनं ओळखलं नाही, तर ही मिशी उतरवतो! नगरपालिकेसमोर, भर चौकात खुर्ची टाकून!" झाप्रियानकाका म्हणाले.

"आणि ओळखलं, तर योर्दानोव्देनला मी धरणात उडी मारतो. लग्नाच्या सुटात," तिखोमिर म्हणाला.

चौदा नंबरच्या ब्लॉकपुढच्या बाकड्यावरचा डाव थांबला. फासे पटावर पडले होते, पण किती पडले हे बघायचंही कुणाला सुचलं नाही. कारण झाप्रियानकाकांची मिशी धरणाच्या वयाची. त्रेसष्टच्या वसंतात पहिलं पाणी अडलं, तेव्हाच हिला कोंब फुटला. पुढं पाणी वरखाली झालं, सरकारं वरखाली झाली, मिशी मात्र एका रेषेत. आणि तिखोमिरची उडी तर त्याहून अवघड. दर सहा जानेवारीला, योर्दानोव्देनला, आमच्या चर्चचे पाद्री, पोप ल्युबेन, धरणाच्या बर्फगार पाण्यात क्रॉस फेकतात आणि तरणी पोरं तो काढायला उड्या मारतात. पोरं, बरं का. तिखोमिर चोपन्न वर्षांचा, आणि बाथटबमध्येसुद्धा एक हात काठाला धरून बसणारा. हे त्याच्या बायकोनं, स्नेझावहिनींनी, अख्ख्या जिन्याला सांगून ठेवलेलं.

पैज कशावर? तर बॅकग्राउंडवर.

तिखोमिरचा धंदाच तो. लग्नाचा व्हिडिओ असो, बाप्तिस्म्याचा असो, नाहीतर एखाद्या हौशी गाणाऱ्या बाईचा; माणूस हिरव्या कापडापुढं उभा करायचा, कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसतो, आणि त्या जागी हवं ते जग लावायचं. स्थिर पाहिजे तर स्थिर, हलतं पाहिजे तर हलतं. ढग, धबधबा, गुलाबाच्या पाकळ्या. हलतं चित्र आठ-दहा सेकंदांचं असतं, संपलं की परत पहिल्यापासून. त्याचा सांधा दिसू द्यायचा नाही, ही खरी कारागिरी. गेल्या उन्हाळ्यात तो सांधा दिसला. एकाच लग्नात एकच राजहंस नवरीच्या मागून एकेचाळीस वेळा गेला, आणि नवरीच्या बापाला तेवढंच मोजायचं काम होतं. तेव्हापासून तिखोमिरला ब्लॉकमध्ये 'हंस' म्हणत. अशा अपमानातून माणूस पैजा मारतो. एरवी त्यानं मारली नसती, असं तो आता म्हणतो. आता काय, आता सगळेच म्हणतात.

ज्या गिऱ्हाइकाच्या कामावरून पैज लागली ती तिसऱ्या मजल्यावरची दोन्का आजी. वय एक्याऐंशी. ओरेशित्साची. तसा आमचा सगळा ब्लॉकच ओरेशित्साचा. धरणात गाव गेलं तेव्हा सरकारनं सगळ्यांना उचलून इथं एकावर एक रचलं. पण दोन्का आजीची मोठी बहीण राइना, ती त्याआधीच एकोणसाठ साली सरहद्दीचा डोंगर ओलांडून ग्रीसमार्गे पळाली ती थेट ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला. आणि तिला गाव बुडाल्याचं कुणी कळवलंच नाही.

"बाप म्हणाला, लिहू नकोस," दोन्का आजी तिखोमिरच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. "ती तिकडं एकटी, रडत बसेल. पुढच्या वर्षी सांगू म्हणाला. पुढच्या वर्षी बापच गेला."

"आणि मग?"

"मग काय, पत्रात लिहीत गेले. यंदा अंगणातला अक्रोड चांगला आलाय. यंदा कमी आलाय."

"साठ वर्षं?"

"दोन वर्षं कीड पडली असंही लिहिलं," आजी जरा अभिमानानं म्हणाली. "सारखा चांगला येतो म्हटलं असतं तर संशय आला असता."

जगाला कळलं नाही का, असं विचाराल. अहो, ओरेशित्सा एवढंसं गाव, नकाशावर माशी बसली तरी झाकलं जायचं. आणि आता राइनाच्या नातवाचा निरोप आलेला: आजीला पंच्याऐंशी लागतायत, घराच्या अंगणात उभं राहून चार शब्द बोला आणि व्हिडिओ पाठवा.

"तू नवरीच्या मागं समुद्र आणतोस," दोन्का आजी म्हणाली. "माझ्या मागं एक अंगण आणता येणार नाही?"

इथं तिखोमिरनं 'नाही' म्हणायला हवं होतं. पण त्याला राजहंस आठवला, आणि राइना हे खोटं अंगण ओळखते की नाही यावर बाकड्यावर पैज लागली.

अंगण आणायचं तर आधी ते दिसायला हवं. एकाही घरात फोटो नव्हता. ओरेशित्साची माणसं फोटो फक्त मेल्यावर काढायची, दगडावर लावायला. म्हणून तिखोमिर नगरपालिकेच्या दप्तरात गेला. तिथं काचेमागच्या बाई लोकरीचा मोजा विणत होत्या.

"ओरेशित्साचा फोटो? त्या गावच्या सरपंचाचा दाखला आणा."

"बाई, गाव पाण्याखाली आहे."

"असेल. सरपंच कुठायत?"

"सरपंच नाहीत. त्रेसष्टपासून नाहीत."

"मग सरपंच नाहीत असा दाखला आणा."

"कुणाकडून?"

बाईंनी मोजा खाली ठेवला. "त्या गावच्या सरपंचाकडून. दुसऱ्या गावचा कसा देईल?"

चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला स्नेझावहिनींनी बरोबर पनीर भरलेल्या पापुद्र्यांच्या बानित्साचा अख्खा तवा दिला, आणि बाईंना एकदम आठवलं की भरपाईच्या समितीनं घरोघर फिरून नोंदी केल्या होत्या. सत्तावीस नंबरच्या घराचा कागद निघाला. 'खोल्या दोन. अक्रोड एक. कोंबड्या नऊ. धुराडं, टोपी नसलेलं.' सोबत काडेपेटीएवढा फोटो: अर्धी भिंत, आणि समितीच्या साहेबाकडं तुच्छतेनं बघणारं एक गाढव. एवढ्यावर तिखोमिरला गाव वसवायचं होतं.

त्यानं बाकड्यावर सहज विचारलं, "अक्रोड घराच्या डावीकडं की उजवीकडं?" हे त्याचं दुसरं पाप.

दुसऱ्या मजल्यानं डावीकडं सांगितला. चौथ्यानं उजवीकडं. पाचव्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, तो अक्रोड नव्हताच, तुती होती. संध्याकाळपर्यंत दोन कुटुंबांनी एकमेकांच्या घरून घेतलेल्या लोणच्याच्या बरण्या परत केल्या. मग प्रत्येकाला आपापलं घर पाहिजे झालं. "दोन्काच्या मागं आमचं छप्पर दिसायचं. घाल ना रे, तुला काय, बटण तर दाबायचंय." गाव बुडालं तेव्हा त्यात एकतीस घरं होती. तिखोमिरच्या कॉम्प्युटरवर वर आलं तेव्हा चव्वेचाळीस झाली. एकानं तर आजोबांच्या घराला बाल्कनी मागितली.

"बाल्कनी होती?"

"बांधायची होती. पाणी आलं."

तिखोमिरनं बाल्कनी घातली. तो तसा मऊ माणूस.

शूटिंगच्या दिवशी दोन्का आजी ठेवणीतलं जाकीट घालून आली. हिरवंगार. हिरव्या कापडापुढं उभी राहिल्यावर आजीचं मुंडकं आणि दोन हात ओरेशित्सावर तरंगायला लागले, आणि पोटाच्या जागी शेजाऱ्याची नवी बाल्कनी.

"जाकीट काढा, आजी."

"मेले तरी नाही. राइनानं पाठवलंय. बघितल्याबरोबर हेच विचारेल."

मग मागं लाल घोंगडी लावली. आजीचे गाल गेले. शेवटी कुणाच्यातरी टोमॅटोवरचं निळं प्लॅस्टिक आणून खिळलं. आजीवर ऊन डावीकडून पाडलं, गावातल्या सावल्या उजवीकडं वळवल्या. माणूस एका उन्हात आणि गाव दुसऱ्या उन्हात असलं की व्हिडिओ खोटं बोलतोय हे लहान पोरही ओळखतं. मग हलती चित्रं: अक्रोडाची पानं, एक कोंबडी. आजी बोलली, "ताई, बघ, सगळं जागच्या जागी आहे," आणि तिखोमिरला क्षणभर वाटलं, आहेच की.

या सगळ्या दिवसांत एकच माणूस काही सांगायला आला नव्हता. झाप्रियानकाका. जन्मभर धरणावर पाणी मोजायची नोकरी केलेली. पहिल्या दिवशी धरणाचे दरवाजे मिटायचं चाक फिरवायला चार हात लागले, त्यातले दोन अठरा वर्षांच्या झाप्रियानकाकांचे. हे ब्लॉकमध्ये सगळ्यांना माहीत, आणि कुणी बोलत नसे. शेवटच्या दिवशी ते आले, कॉम्प्युटरपुढं उभे राहिले, बराच वेळ टोपी हातात धरून बघत राहिले.

"धूर कुठाय?" ते म्हणाले.

"कसला धूर?"

"धुराड्यातून धूर निघत नाही ते घर कसलं रे? तिला काय मेलेलं घर पाठवतोस?"

"काका, तुम्ही पैज हराल."

"हरेन. धूर घाल."

तिखोमिरनं धूर घातला. चांगला वीस सेकंदांचा घालणार होता, पण चव्वेचाळीस घरं आणि बाल्कनी वाहून वाहून कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, म्हणून आठ सेकंदांवर भागवलं. आठ सेकंद धूर वर जायचा, नवव्याला गपकन धुराड्यात परत. 'कोण बघतंय,' तो म्हणाला. राजहंसाच्या वेळीही हेच म्हणाला होता.

व्हिडिओ गेला. दुसऱ्या दिवशी ॲडलेडहून फोन. दोन्का आजीनं तो सगळ्यांसमोर, जिन्यात घेतला.

"दोन्के!" राइना आजी तिकडून रडत होती. "चूल कुणी पेटवलीय गं? तू तर लिहिलं होतंस, मुलाजवळ ब्लॉकमध्ये राहते म्हणून!"

दोन्का आजीनं इकडंतिकडं बघितलं. समोर तिखोमिर उभा होता.

"भाडेकरू ठेवलाय, ताई. तिखोमिर नाव आहे. चांगला आहे."

"सुखी राहो तो! त्याला म्हणावं, आमचं घर ऊबदार ठेवलंस रे बाबा."

म्हणजे ओळखलं नव्हतं! तिखोमिर पायरीवर उभा राहून दोन्ही हात वर करून नाचला. झाप्रियानकाका मिशीवरून बोट फिरवत घरी गेले. मिशी उतरवायचा मुहूर्तही तिखोमिरनंच ठरवला: योर्दानोव्देनलाच, सगळं गाव धरणावर जमतं तेव्हा. चौकापेक्षा गर्दी जास्त. न्हाव्याला सांगितलं, खुर्चीची सोय केली. आपण एवढे उत्साही का होतो, ते त्याला नंतर नीट सांगता आलं नाही. जिंकलेल्या माणसाला तेवढी अक्कल नसते.

पंधरा दिवसांनी दोन्का आजी त्याच्या दारात उभी. हातात चिठ्ठी.

"येतेय," ती म्हणाली.

"कोण?"

"ताई. व्हिडिओ रोज बघते म्हणे. म्हणते, मरायच्या आत एक रात्र आपल्या घरात झोपायचंय. भाडेकरूला त्रास देणार नाही. चुलीपाशी सतरंजी टाकली तरी चालेल."

बाकड्यावर सभा बसली. रस्ता बर्फानं बंद आहे म्हणून सांगा. घराला आग लागली म्हणून सांगा. "भाडेकरू वेडा आहे, दार उघडत नाही म्हणून सांगा," स्नेझावहिनी म्हणाल्या, "हे तरी फारसं खोटं नाही." शेवटी ठरलं, दोन्का आजीनंच विमानतळावरून येताना गाडीत सांगायचं.

तीन तास गाडी चालली. दोन्का आजीनं सांगितलं नाही. राइना आजी इवलीशी, सुरकुतलेली, डोळे खिळ्यासारखे. ब्लॉकच्या दारात स्वागताची मीठ-भाकरी घेऊन सगळे उभे राहिले. तिनं तुकडा मोडला, मिठात बुडवला, चघळला आणि विचारलं, "यातला भाडेकरू कोणता?"

तिखोमिरला ढकलून पुढं केलं.

"तू होय? जरा वाळलेला असशील असं वाटलं होतं. आण ती पेटी." तिनं पेटी उघडली. आत दोन फ्रॉक, औषधं, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली पत्र्याची भलीमोठी टोपी. धुराड्यावर बसवतात तशी, चार पायांची, नवी कोरी.

"मुलाकडून करून घेतली," राइना आजी म्हणाली. "तो पत्र्याचंच काम करतो. अरे, व्हिडिओत बघितलं ना मी. धूर वर जातो आणि आठ मोजेपर्यंत परत आत! बापाच्या वेळेपासून हेच. टोपी बसवायची म्हणाला, राहून गेली. तू गुदमरून मरशील एक दिवस, वेड्या. आणि ती कोंबडीही बघ, सारखी मागं सरकते. आजारी आहे ती."

अख्खा ब्लॉक जमिनीकडं बघत होता. तिखोमिरच्या आयुष्यात इतकं बारकाईनं त्याचं काम कुणी पाहिलं नव्हतं. ते पाहणारं माणूस भेटावं म्हणून त्यानं वीस वर्षं काढली होती. आता भेटलं, आणि त्याला वाटलं, त्यापेक्षा ते राजहंस मोजणारे परवडले.

दुसऱ्या दिवशी योर्दानोव्देन, आणि राइना आजी घरी जायला निघालेली. ओरेशित्साचा रस्ता धरणाकडंच जातो, म्हणून सगळे एकाच रस्त्यानं निघाले. पुढं ढोल, सनई, पोप ल्युबेन. मागं तिखोमिरची गाडी, तो सणाचा म्हणून लग्नाच्या सुटात. मागच्या सीटवर दोन बहिणी, मध्ये टोपी. रस्ता वळला, उतरला, आणि पाण्यात शिरला. तिखोमिरनं गाडी थांबवली. तो पाण्यात जाणारा रस्ता डांबरी होता, मधली पांढरी रेघसुद्धा दिसत होती, थोड्या अंतरापर्यंत.

"थांबलास का?" राइना आजी म्हणाली.

दोन्का आजीनं तोंडावर रुमाल धरला. मग तिखोमिरच बोलला. गाडीतून उतरला, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि हातानं दाखवलं.

"आजी, ते तिथं आहे. खाली. त्रेसष्टपासून. व्हिडिओ मी केला होता. घर कॉम्प्युटरवर काढलेलं होतं. धूरही."

राइना आजी खाली उतरली. काठापर्यंत गेली. ढोल हळूहळू थांबला, कारण वाजवणारेही ओरेशित्साचेच होते. ती किती वेळ उभी राहिली, कुणी मोजलं नाही.

"अक्रोड?" तिनं मागं न बघता विचारलं.

"बाजारातून आणायचे, ताई," दोन्का आजी म्हणाली.

"कीड पडली लिहिलंस, तेव्हा मी रडले होते."

  नंतर तासभर राइना आजीनं बहिणीकडं पाहिलंसुद्धा नाही.

पण तेवढ्यात न्हावी खुर्ची घेऊन आला ना! झाप्रियानकाका मुकाट्यानं त्यात जाऊन बसले.

"उठा, काका," तिखोमिर म्हणाला. "मी हरलो. ओळखलं तिनं."

"आज ओळखलं. व्हिडिओ बघून नाही ओळखलं. मी हरलो."

"अहो, मी हरलो म्हणतोय ना!"

"तुझ्या म्हणण्याला कोण विचारतंय? ते चाक मी फिरवलं होतं. लाव रे साबण."

"कसलं हरणं?" राइना आजीनं विचारलं. कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याचा आवाज शेवटी शेवटी फारच बारीक झाला.

"माझ्यावर पैज लावलीत," ती म्हणाली. रागानंही नाही. आणि तिखोमिरला त्या क्षणी जे वाटलं ते असं, की ह्यापेक्षा ते पाणी थंड नसेल. "ह्यानं मिशी द्यायची. आणि तू?"

"मी उडी मारायची. सुटात."

राइना आजी गाडीपाशी गेली, टॉवेल सोडला आणि पत्र्याची टोपी त्याच्या हातात दिली.

"मग जा. बसवून ये."

हसायची कुणाची हिंमत झाली नाही. पोप ल्युबेननी क्रॉस फेकला, सात-आठ पोरांनी उड्या घेतल्या, आणि त्यांच्या मागून चोपन्न वर्षांचा तिखोमिर, लग्नाच्या तंग सुटात, नाक दाबायला हात मोकळा नाही म्हणून डोळे मिटून, दोन्ही हातांनी टोपी छातीशी धरून धरणात गेला. बायकोनं देवाचं नाव घेतलं. क्रॉस एका पोराला सापडला, पण त्याच्याकडं कुणी बघितलंच नाही, त्याबद्दल तो अजून चिडलेला आहे. मग पोरांनी तिखोमिरला कॉलरला धरून बाहेर ओढलं.

हात रिकामे होते.

"बसली?" राइना आजीनं विचारलं.

'बसली' म्हणणं किती सोपं होतं. सगळा ब्लॉक मनातल्या मनात त्याला तेच सांगत होता. दोन्का आजीचे ओठ तर हललेसुद्धा. दातावर दात आपटत तिखोमिर म्हणाला, "नाही, आजी. हातातून सुटली. कुठं गेली, दिसलं नाही. काहीच दिसत नाही खाली."

कडाक्याची थंडी होती, वारा अजिबात नव्हता. ओल्या सुटातून, टकलावरून, खांद्यांवरून वाफ निघायला लागली होती. दाट, पांढरी. मागं खुर्चीत झाप्रियानकाका नव्या उघड्या ओठावर हात ठेवून बसले होते, जणू तिथून काहीतरी चोरीला गेलंय.

राइना आजी त्या वाफेकडं बघत राहिली. ओठ हलत होते. तिखोमिरला कळलं, ती आकडे मोजतेय. सात. आठ. नऊ. दहा.

मग तिनं न बघताच हात लांब करून बहिणीच्या हिरव्या जाकिटाची बाही धरली.

"दोन्के," ती म्हणाली, "बघ गं. धूर सरळ वर जातोय."